मंडळाचे फोटो-व्हिडिओ: सगळं जेपेग आणि एच.२६४ करून टाकावं का?

गिरगावकर
कार्यकर्त्यांकडे आयफोन आले आणि मंडळाला डोकेदुखी लागली. फोटो एचईआयसी, व्हिडिओ एच.२६५, दोन्ही कमी जागेत मावणारे नवे फॉरमॅट. कार्यालयातला जुना पीसी दोन्ही उघडत नाही, बॅनरवाला तर 'जेपेग पाठवा' एवढंच म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे: फोटो जेपेग आणि व्हिडिओ एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्ये बदला, मूळ फायली उडवा. जेपेग १९९२ पासून आहे, आजही कुठेही उघडतं. जागा जास्त खाईल, खाऊ दे.

चाळीतला_एडिटर
अहो, मूळ उडवू नका! ती फाइल आधीच दाबलेली (कम्प्रेस केलेली) आहे, तुम्ही ती पुन्हा दाबणार, म्हणजे दर्जा आणखी घसरणार. विसर्जन मिरवणुकीतली लालबागला श्रॉफ बिल्डिंगसमोरची पुष्पवृष्टी डोळ्यांसमोर आणा. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, काय करतो, आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला ते शोधतो आणि उरलेला फरक तेवढा साठवतो. मागची इमारत जागची हलत नाही, मूर्ती संथ सरकते, तिथे भरपूर बचत. पण पाकळ्या आणि गुलाल एकदम उडाला की कशाचा कशाशी मेळ बसत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, कमी पडतो आणि गुलालाचे चौकोन दिसायला लागतात. त्यावर पुन्हा एच.२६४ चढवलं तर चौकोनांचेच चौकोन! एचडीआर (उजेड-सावलीच्या जास्त छटा टिपणारा) व्हिडिओ असेल तर १० बिटचे रंगही बहुतेक वेळा ८ बिटवर येतात, म्हणजे छटा कमी होतात.

बोरिवली_स्लो
मग व्हिडिओ एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये करा की. २०१८ चा आहे, रॉयल्टी नाही. एच.२६५ च्या पेटंटवाल्यांचे तर वेगवेगळे गट आहेत.

चाळीतला_एडिटर
पुन्हा तेच! एव्ही१ केलं तरी दुसऱ्यांदा दाबणंच झालं. शिवाय त्या जुन्या पीसीवर एन्कोड करायला घेतलंत, तर पुढचे गणपती येतील.

परळची_सून
वाद कशाला? आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, थेट जेपेग आणि एच.२६४ मिळेल. फक्त सेकंदाला ६० फ्रेम्सच्या फोर-के व्हिडिओवर आणि एचडीआरवर पाणी सोडावं लागेल. आणि फायली व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर तिथेही दाबल्या जातात.

गिरगावकर
मिरवणुकीच्या गर्दीत पोरं सेटिंग बदलणार? आणि मूळ न उडवता दोन-दोन प्रती ठेवायच्या म्हणता, तर ती डिस्क सांभाळणार कोण? दरवर्षी खजिनदार बदलतो आमच्याकडे. मी जेपेगवरच ठाम आहे.

चाळीतला_एडिटर
डिस्क माझ्याकडे द्या. पण मूळ फायलींसकट.