पामिटिक ॲनहायड्राइडची रिॲक्शन पुढेच सरकत नाहीये

लिपिडकर:
नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, फॉस्फोलिपिडवर (पेशीच्या पडद्यातली चरबी) काम करतोय. लायसो-पीसी, म्हणजे एकच शेपूट असलेलं लेसिथिन, त्याच्या रिकाम्या ओएचवर पामिटिक ॲनहायड्राइड (दोन पामिटिक ॲसिड पाणी काढून जोडलेली) आणि डीमॅप हा कॅटॅलिस्ट घालून डीपीपीसी, म्हणजे दोन्ही शेपट्या पामिटिकच्या असलेलं लेसिथिन, बनवायचंय. क्लोरोफॉर्म कोरडा केलाय, नायट्रोजन चालू, ॲनहायड्राइड दीडपट, ४८ तास ढवळलं तरी टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी पट्टी) लायसोचा स्पॉट जसाच्या तसा. बाटली जुनी आहे पण मेल्टिंग पॉइंट ६३ आला म्हणजे माल चांगलाच ना? की सरळ ॲसिड क्लोराइड घेऊ? हात बसला की असंच ओलेइक ॲसिड दुसरी शेपूट म्हणून जोडायचंय, खरा प्रोजेक्ट तोच आहे.

काचपात्र:
मेल्टिंग पॉइंटवर अजिबात जाऊ नकोस, पामिटिक ॲसिडचाही ६३ च्याच आसपास येतो, मी यात अख्खा महिना घालवलाय. झाकण सैल राहिलं की ओलाव्याने हळूहळू ॲसिड होतं आणि दिसायला तेच पांढरं मेणचट. आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढ. ॲनहायड्राइडला कार्बोनिलचे दोन पीक येतात, १८१५ आणि १७४५ च्या जवळ, आणि १७०० ला एकच जाडजूड पीक दिसला तर बाटलीत ॲसिड आहे. ॲसिड क्लोराइड नको, एचसीएल सुटतो. ॲनहायड्राइडमध्ये अर्धा माल ॲसिड होऊन वाया जातो खरा, पण रिॲक्शन सौम्य राहते.

जुनी_लॅबकरीण:
अरे ताजंच बनव ना, ५१३ मिलिग्रॅम पामिटिक ॲसिडला २०६ मिलिग्रॅम डीसीसी (पाणी ओढून दोन ॲसिड जोडणारं रसायन), म्हणजे मोलमध्ये दोनास एक, कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये. थोड्या वेळाने दूध नासल्यासारखा पांढरा साका दिसतो तो डीसीसीपासून बनलेला युरिया, तो गाळून टाकायचा. पण डीसीसी हाताला लागू देऊ नकोस, त्याची ॲलर्जी एकदा बसली की जन्माची बसते, मी बघितलंय. आणि लायसो कोरडा केलास का? तो पाणी फार ओढतो, रात्रभर व्हॅक्यूमला फॉस्फरस पेंटॉक्साइडवर ठेव, नाहीतर ताजं ॲनहायड्राइडसुद्धा त्या पाण्यातच संपेल. क्लोरोफॉर्ममध्ये गुठळ्या राहत असतील तर काचेचे मणी टाकून सोनिकेट कर.

दोन_शेपट्या:
ओलेइकचं वाचलं म्हणून लिहितोय. लायसोवरचं पामिटिक ग्लिसरॉलच्या पहिल्या जागेवरून दुसऱ्या, रिकाम्या जागी सरकतं, आणि डीमॅप घालून जितका वेळ ढवळशील तितकं जास्त. आत्ता दोन्हीकडे पामिटिकच आहे म्हणून तुला ते कधीच दिसणार नाही, ओलेइक घेतलंस की दोन जातींची भेसळ होईल. तेव्हा ४८ तास ही सवय आत्ताच मोड. आणि प्रॉडक्ट फॉस्फोलायपेज ए२ या एन्झाइमने तोडून बघ, ते फक्त दुसऱ्या जागेचंच तोडतं, सुटलेल्या ॲसिडचं मिथाइल एस्टर करून जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफी) दे, त्यात पामिटिक किती निघतं तेवढी भेसळ.

लिपिडकर:
आत्ताच आयआर काढला. १७०१ ला भलामोठा पीक, १८१५ ला जेमतेम उंचवटा. काचपात्र दादा, मनापासून आभार. लायसो आज व्हॅक्यूमला लावतोय, डीसीसी उद्या, दुहेरी ग्लोव्हज घालून.