भिंत एकच ठेवा, कापड बदला

ताई, हॉलला सध्या चालतोय तो राखाडी द्यावा का, आणि ऋतूप्रमाणे रंग बदलायचा तर दरवेळी रंगारी कुठून आणायचा, असं तुम्ही विचारलंय. साताऱ्यात राखाडी देऊ नका. पावसाळ्यात आभाळ तोच रंग घेऊन बसलेलं असतं, त्यात उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर. आमच्या हॉलला तसाच होता. दोन पावसाळे काढले आणि सायीसारखा पांढरा करून घेतला.

ऋतू कापडात बदलतो. उन्हाळ्यात फिकट पोपटी सुती पडदे, पावसाळ्यात हळदी आणि विटकरी अभ्रे. मखमल मात्र पावसाळ्यात नकोच, दमट वास धरते.

माझी सगळ्यात लाडकी रंगसंगती कासची. सप्टेंबरात पठारावर तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, सोनकीचा पिवळा आणि खाली जांभ्याचा काळपट तांबडा. घरात आणताना प्रमाण तसंच ठेवा: पायाला तांबूस-तपकिरी सतरंजी, जांभळा दोन उशांपुरता, पिवळा चिमूटभर. ट्रेंडच हवा असेल तर पँटोन या रंगांच्या कंपनीनं २०२५ चा रंग म्हणून निवडलेला मोका मूस हा मऊ तपकिरी या जांभ्याशेजारी छान शोभतो.

आणि शेडकार्डच्या इवल्याशा चौकोनावर विसंबू नका. भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा, दोन हात देऊन, सकाळी, तिन्हीसांजेला आणि ट्यूबलाइटखाली बघा. मगच डबा आणा.