आजोबांची १९७३ ची प्रेसिडेंट: आधी इंजिन की आधी पत्रा?

पडवीतली_फियाट

गाडी प्रीमिअर प्रेसिडेंट, १९७३. चिपळूणजवळच्या घराच्या पडवीत अकरा वर्षं उभी आहे. वर कौलं आहेत, पण पश्चिमेची बाजू उघडी, त्यामुळे पावसाची झड उजव्या दारांवर येते. चारही टायर बसलेत. ब्रेकचा पेडल थेट तळाला जातो. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा वास येतो. काचा, क्रोमच्या पट्ट्या, बिल्ले, हबकॅप सगळं जागेवर आहे. आरसी बुक आजोबांच्या नावावर, मुदत संपलेली. आजोबा गेले त्याला सहा वर्षं झाली.

एक मेकॅनिक म्हणतो, बॅटरी लावून स्टार्टर मारू आणि बघू. दुसरा म्हणतो, आधी डेंटिंग-पेंटिंग करून घ्या, गाडीला रूप आलं की पुढचा हुरूप येतो. नेमकी सुरुवात कुठून करायची? पद्मिनीचे पार्ट प्रेसिडेंटला चालतात का? आणि ५० वर्षं झाली म्हणून व्हिंटेजमध्ये नोंदवावी का?

टप्पेट

नावाचं आधी. फियाट ११०० डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी ही एकाच गाडीची पुढेमागे बदललेली नावं. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणायला लागले. इंजिन तेच: १०८९ सीसी, ६८ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). इंजिन, गिअर, ब्रेक, सस्पेंशनचे पार्ट बहुतेक लागतात. जाळी, दिवे, डॅश आणि ट्रिम मात्र वर्षागणिक बदलत गेलं, म्हणून तुमच्या गाडीवरचं काहीही भंगारात जाऊ देऊ नका. अगदी तुटका दिवासुद्धा.

आता स्टार्टर. मारू नका. अकरा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. पान्याला अडलेलं हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही. रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो आणि दोन चमचे तेलावर भागणारं काम बोअरिंगपर्यंत जातं.

प्लगभोवतीच्या खड्ड्यांत आधी हवा मारा, नाहीतर प्लग काढताच तिथली माती आत पडेल. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं, साधारण १० मिली सोडा. वरचं कव्हर काढून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेल घाला. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. नंतर गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटला पाना लावा आणि हळू फिरवा. अडलं तर थोडं मागे, थोडं पुढे. पान्याला पाइप अडकवून जोर करायचा नाही. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्यांत आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येताना डोळ्यांनी दिसले पाहिजेत. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, दांडीवर आणखी तेल सोडा, लाकडी मुठीने हलके ठोका.

इंजिन मोकळं झालं की सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवा. नुसतं ड्रेन करून तळातला डांबरासारखा गाळ निघत नाही, आणि नवीन तेलातलं डिटर्जंट तोच गाळ सोडवून ऑइल पंपाच्या जाळीत नेऊन बसवतं. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० भरा, सिंथेटिकची गरज नाही. प्लग न लावता स्टार्टर आता मारा, पाच-पाच सेकंद, रॉकरवर तेल येईपर्यंत.

टाकीला अजून हात लावायचा नाही. पहिल्यांदा चालू करताना अर्ध्या लिटरच्या बाटलीतून ताजं पेट्रोल पंपाला द्या. सोलेक्स कार्ब्युरेटर पूर्ण खोला, जेट हवेने साफ करा. तार घालू नका, भोक एकदा मोठं झालं की ट्यूनिंग कधीच बसत नाही. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट वरून स्वच्छ दिसले तरी त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६. कंडेन्सर नवा टाका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

इंजिन गरम झाल्यावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. १५ टक्क्यांच्या वर फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, जैसे थे राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन उघडायचं की नाही हे त्यानंतर ठरवा, आधी नाही.

या इंजिनाचं खरं दुखणं हेड. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरचं साधं पाणी घातलं की दोन धातूंच्या मध्ये बॅटरीसारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रेडिएटरच्या होजचं टोक काढून आत बोट फिरवा. पांढरी, चुन्यासारखी पेस्ट आली तर हेड काढावं लागणार असं धरून चाला. काढताना सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमला खाच पडली की गॅस्केट तिथूनच गळतं. स्टडवर गंज सोडवणारं तेल आठवडाभर रोज सोडा, मग लाकडी हातोडा. बसवताना मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा. एकदा गरम होऊन पूर्ण गार झालं की पुन्हा एकदा तपासा. पाण्याऐवजी कूलंट, एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. कोकणात बर्फ पडत नाही हे खरं, पण कूलंट इथे पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज लागू नये म्हणून आहे.

सोळा_गेज

टप्पेट यांचं बरोबर, पण माझ्या मते पत्रा बघेपर्यंत इंजिनवर एक रुपया घालू नका. या गाडीला वेगळी चेसी नाही. बॉडी हीच चेसी. त्यामुळे खालचा पत्रा सडला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न नसून गाडी उभी राहण्याचा आहे.

फ्रिजवरचं साधं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि गाडीभर फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) थर आहे, जिथे चिकटतच नाही तिथे पत्राच उरलेला नाही. बघायच्या जागा: दाराखालचा बॉक्स, ज्याला गॅरेजात सिल म्हणतात, मागच्या पाट्यांच्या शॅकलची (पाटा बॉडीला अडकवणाऱ्या कडीची) जागा, जॅक लावायचे पॉइंट, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीखालचा खड्डा, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, दारांचा तळ. मॅट काढून फ्लोअरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर टोक दाबून बघा.

सिल सडले असतील तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरत्या वेल्डने टॅक करून घ्या. गाडी जॅकवर अधांतरी ठेवून सिल कापला की बॉडी मधून केसभर खचते आणि नवा सिल वेल्ड झाल्यावर लक्षात येतं की दार लागत नाही. मग दारं ठोकून-ठोकून बसवली जातात. दाराची फट कापायच्या आधी मोजा, लिहून ठेवा, प्रत्येक टाक्यानंतर पुन्हा मोजा.

फ्लोअर आणि सिलला १८ गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या अंगाला २०. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून देणारे खूप आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहते आणि तीन पावसाळ्यांत दोन्ही जातात. सडका भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत या आणि तिथून जोड द्या. वेल्डिंग सीओटूचं, एक-एक इंच जागा बदलत. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेरचा पत्रा लाटांसारखा होतो आणि त्या लाटा भरायला पुन्हा लांबी लागते.

आणि हे पाटीवर लिहून गाडीला लावा: चेसी नंबर ठोकलेला पत्रा कोणी कापायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, त्यावर लांबी भरायची नाही. तो एकदा गेला की पुढे आरटीओत गाडी कोणाची हे सिद्ध करणं अवघड.

रंगाचं. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. कोकणातल्या हवेत रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पिवळसर झालेला असतो, मग प्रायमर गंजावरच बसतो. लांबी प्रायमरच्या वर घ्या, उघड्या लोखंडावर नको, ती पाणी पिते. जून ते सप्टेंबर रंगकाम करू नका. मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशच्या मागे आणि बूटच्या अस्तराखाली बघा, तिथे ऊन आणि नंतरचा ब्रश दोन्ही पोचलेले नसतात. दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी जायची भोकं रंगाने बुजतात, ती शेवटी काडीने उघडा आणि आतून मेणाचा स्प्रे मारा.

आरसी_बुक

तुम्ही दोघं गाडी खोलायला निघालात, पण कागद जुळले नाहीत तर जुळवून ठेवलेली गाडी अंगणातच राहील. आधी परिवहनच्या साइटवर तुमचा नंबर टाकून बघा. पुस्तकी आरसीचे कित्येक नंबर संगणकात चढलेलेच नाहीत. तुमचा नसेल तर मूळ नोंद जिथली आहे त्या आरटीओत बॅकलॉग एन्ट्रीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ जातो, म्हणून गाडी गॅरेजात असतानाच लावून द्या.

नावावर करायला फॉर्म ३१, मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत सोबत ठेवा. काका-आत्या सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी चकचकीत झाल्यावर सह्या महाग होतात. नियमाने अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो, तुम्हाला उशिराचा दंड भरावा लागेल. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, पाच वर्षांसाठी. त्यासोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. तपासणीला गाडी ट्रकवर घालून न्या, मुदत संपलेल्या आरसीवर रस्त्याने चालवत नेऊ नका.

व्हिंटेजचं. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी बसते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण एक अट लोक वाचत नाहीत: ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. चिपळूणहून गणपतीला गुहागरला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा. बॉडी आणि इंजिन मूळ ठेवलंत तर व्हिंटेजचा रस्ता नंतरही मोकळा आहे.

पडवीतली_फियाट

काकांना आजच फोन करतो. ब्रेकचं कोणी सांगेल का? मेकॅनिक म्हणतो, ऑइल भरून एअर काढली की पेडल येईल.

टप्पेट

येईल. आणि एक दिवस घाटात परत जाईल. १९७३ च्या गाडीत चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. एका चाकाच्या सिलिंडरचा वॉशर फाटला की चारही ब्रेक गेले, उरतो फक्त हँडब्रेक. त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर उतरवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून या सिलिंडरांच्या बोअरमध्ये खड्डे पडलेले असणार. नखाला खड्डा लागला तर होनिंगने (आतून घासून) भागत नाही, स्लीव्ह घाला किंवा नवा सिलिंडर. रबरी होज तीन आहेत, पुढे दोन, मागे ॲक्सलवर एक. तिन्ही बदला, बाहेरून चांगले दिसले तरी. आतून फुगलेला होज ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही, मग ब्रेक धरून राहतो. लोखंडी पाइपवर पत्र्याच्या क्लिपाखाली बघा, गंज तिथेच लपतो. डॉट ३ भरा, एअर सगळ्यात लांबच्या चाकापासून काढा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

टायर मूळ ५.२०-१४. आता १५५ आर १४ रेडियल बसवतात, चालतात, पण पाचही एकदम बदला. दोन जुने दोन रेडियल असं नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि १९७३ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पंपाचा डायफ्रॅम, सगळे पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी घ्या. टाकी उतरवून आत मूठभर नटबोल्ट घालून खडखडवा, धुवा, वाळवा. टाकीला भोक असेल तर रिकामी आहे म्हणून वेल्डिंग करू नका, वाफेनेच उडते. गिअरबॉक्सला जीएल-४ तेल मागा. जीएल-५ मधला गंधक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) खातो. पहिला गिअर मुळातच सिंक्रोचा नाही, चालत्या गाडीत घालताना कुरकुरला तर गिअरबॉक्स खोलायला धावू नका. स्टिअरिंगवरचा गिअर सापडत नसेल तर आधी लिंकेजचे बुश बदला.

पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. एवढी वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे माल फिरत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यानंतर आटत चाललाय. किंग पिनचे सेट, ब्रेक किट, हेड गॅस्केट आत्ता लागत नसले तरी दोन-दोन घेऊन ठेवा.

पडवीतली_फियाट

चुंबक फिरवलं. डावी बाजू पूर्ण चिकटते. उजव्या सिलवर मधे साधारण वीतभर अजिबात नाही. वरून मात्र रंग एकदम सपाट.

सोळा_गेज

म्हणजे कोणीतरी आधीच भरून दिलंय. स्क्रू-ड्रायव्हरने तेवढी जागा खरवडा. आत जाळी किंवा वर्तमानपत्र निघालं तर घाबरू नका, पुष्कळदा निघतं. वीतभर दिसतंय ते आत हातभर असेल. सिलचा खालचा काठ पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दाबत या, शॅकलच्या जागेचे फोटो काढा आणि ते इथे टाका. शॅकलची जागा शाबूत असेल तर काम एका सिलचं आहे, नसेल तर पुढचं सगळं बोलणं तिथून सुरू होईल.