१८ व्होल्टच्या ड्रिलला जादा बॅटऱ्या आणि चार्जर हवाय: स्वस्तात, पण खात्रीचं कसं घ्यावं?

पटाशी:

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ कपाटं, किचनची कॅबिनेटं बसवायची कामं घेतो. १८ व्होल्टचं ड्रिल आणि त्याच कंपनीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे. किटमध्ये २ एएचच्या (ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर आला होता, त्याला पाच वर्षं होत आली. एक बॅटरी अजून बरी चालते. दुसरी बसत चालली आहे. चार्जरवर हिरवा दिवा येतो, यंत्राला लावली की दहा-बारा स्क्रू झकास जातात आणि मग एकदम दम संपतो. परवा वरच्या कपाटाचं शटर एका हाताने धरून बिजागरीचे तीन स्क्रू लावले आणि चौथ्याला बॅटरीने मान टाकली. चांगली बॅटरी खाली गाडीत, भाऊ ती आणायला गेला आणि मी शटर खांद्यावर घेऊन शिडीवर उभी.

आता ५ एएचची ओरिजिनल बॅटरी बघितली तर तिची किंमत जवळजवळ नुसत्या ड्रिलएवढी. ऑनलाइन मात्र आमच्या यंत्राला बसणाऱ्या '९ एएच'च्या दोन बॅटऱ्या ओरिजिनल एकीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतायत. त्यांचा आकार ५ एएचच्या पॅकएवढाच दिसतो. भाऊ म्हणतो मागवूनच टाकू, एक तर मागवलीसुद्धा आहे त्याने. शिवाय आमचा चार्जर एक बॅटरी भरायला तासाच्या वर घेतो, तोही बदलायचा विचार आहे. आणि एका ओळखीच्यांनी ॲडॅप्टर लावून दुसऱ्या कंपनीची बॅटरी वापरायला सुचवलंय. यातलं काय करू? रोजच्या कामाचं हत्यार आहे, त्यामुळे अनुभवाचं सांगा.

सेल_दुरुस्ती:

ताई, '९ एएच' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. मी पॅक उघडून दुरुस्त करायचं काम करतो, म्हणून बॅटरीच्या पोटात काय असतं ते आधी सांगतो. मग भाव बघू.

१८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पाचांचे १८. तोच सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे पाचांचे २१. म्हणून कुणी १८ छापतं, कुणी '२० व्होल्ट मॅक्स', कुणी थेट २१. आत तेच पाच. डिवॉल्ट जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकते तीच दुसरीकडे १८ व्होल्ट एक्सआर म्हणून विकते. व्होल्टचा आकडा मोठा आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आता एएच, म्हणजे टाकी किती मोठी. बहुतेक पॅकमध्ये १८६५० सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. ड्रिल, ग्राइंडर जोरात करंट ओढतात. तो करंट देऊ शकणारे चांगले सेल या मापात अडीच, फार तर तीन एएचचे असतात. तुमच्या २ एएचच्या पॅकमध्ये पाच सेल आहेत. ५ एएचमध्ये दहा असतात, दोन-दोनच्या पाच जोड्या, जोडीतल्या दोघांचे अडीच-अडीच मिळून पाच एएच. तीन एएचचे दहा सेल घातले की ६ एएच. याहून मोठा २१७०० सेल येतो, साधारण चार एएचचा, त्याचे दहा म्हणजे ८ एएच; पण तो डबा शेजारी ठेवला की मोठा दिसतोच. ५ एएचच्या मापाच्या डब्यात ९ एएच मावायला जागाच नाही.

बॅटरी आली की पहिलं काम, ती वजनकाट्यावर ठेवा. एक १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा. दहा सेलचे जवळजवळ अर्धा किलो झाले, वर डबा, सर्किट, पट्ट्या. खरा दहा सेलचा पॅक ६०० ग्रॅमच्या आसपास किंवा वर जातो. चारशेच्या घरात भरला तर आत पाचच सेल आहेत असं समजा, लेबलवर काहीही असो.

माझ्याकडे एकांनी '६ एएच'चा पॅक आणला होता, चार्ज होत नाही म्हणून. चार स्क्रू काढून झाकण उचललं. खालच्या ओळीत पाच सेल, वरच्या ओळीच्या जागी करड्या फोमचा तुकडा. चांगल्या पॅकमध्ये प्रत्येक सेलच्या जोडावरून एक बारीक पट्टी किंवा वायर सर्किटला जाते, म्हणजे सर्किटला पाचही सेलचा व्होल्टेज वेगवेगळा कळतो. इथे फक्त दोन वायरी, पहिल्या टोकाची आणि शेवटच्या. मल्टिमीटर लावला: चार सेल ३.८ व्होल्टचे आणि पाचवा १.९ वर मेलेला. आणि मला खरी चीड आली ती पुढचं बघून. सेलचं तापमान मोजायला थर्मिस्टर असतो, सेलला चिकटवलेला. त्या जागी सर्किटवर साधा रेझिस्टर टाकलेला होता. म्हणजे पॅक कितीही तापला तरी चार्जरला कायम 'सगळं थंड आहे' असाच निरोप जाणार.

यात धोका काय ते आकड्यात सांगतो. चार्जर एकूण २१ व्होल्ट होईपर्यंत भरत राहतो. एक सेल म्हातारा होऊन ३.४ वर अडकला तर उरलेल्या चौघांवर प्रत्येकी ४.४ व्होल्ट जातात. लिथियम सेलची मर्यादा ४.२. तिथून पुढे सेल फुगतो, गॅस सोडतो, पेट घेतो. आणि चार्जिंग आपण बहुतेक रात्री, सगळे झोपलेले असताना लावतो. मागवलेली ती एक बॅटरी कृपा करून एकटी चार्जिंगला सोडू नका.

खुंटी:

सेल_दुरुस्ती यांनी पोट दाखवलं, मी हिशेब दाखवतो. बॅटरीची किंमत एएचने नाही, वॉट-अवरने तोला. व्होल्ट गुणिले एएच. तुमची २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ५ एएच म्हणजे ९०. अडीचपट. आता ५ एएचची किंमत २ एएचच्या अडीचपटीपेक्षा कमी असेल तर ती स्वस्त पडली. बहुतेक वेळा पडतेच, कारण डबा आणि सर्किटचा खर्च दोन्हीला जवळपास तेवढाच येतो.

तरीही सगळ्या मोठ्या घेऊ नका. पाच सेल वाढले की पाव किलो वजन वाढतं, आणि शटर धरून डोक्याच्या वर इम्पॅक्ट चालवताना ते पाव किलो मनगटाला कळतं. वरच्या कामाला २ एएच, खाली टेबलावर भोकं पाडायला किंवा सर्क्युलर सॉ, ग्राइंडरला ५ एएच. ग्राइंडरला मोठी लागते ती फक्त जास्त वेळ चालावा म्हणून नाही. समजा त्याने ३० ॲम्पिअर ओढले, तर पाच सेलच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलवर ३० येतात, दहाच्या पॅकमध्ये पंधरा. छोट्या पॅकचा सेल त्या ओढीने तापतो, व्होल्टेज खाली बसतो आणि यंत्रात जोरच राहत नाही.

आता खरी बचत. सुटी बॅटरी ही सगळ्यात महाग बॅटरी. कंपन्या किटमध्ये बॅटऱ्या स्वस्त देतात, कारण एकदा तुमच्याकडे त्यांची खाच आली की पुढची सगळी यंत्रं तुम्ही त्याच खाचेची घेणार. त्यामुळे दोन ५ एएच आणि चार्जर असलेलं किट आणि तेच सगळं सुटं, या दोन किमती शेजारी मांडून बघा. मी जिगसॉचं किट घेतलं तेव्हा दोन सुट्या बॅटऱ्यांची किंमत त्या किटच्या किमतीला भिडत होती, जिगसॉ आणि चार्जर जणू फुकटात पडला. एखादं यंत्र आज ना उद्या घ्यायचंच असेल तर ते बॅटऱ्यांसकट घ्या. उलट, बॅटऱ्या पुरेशा झाल्या की पुढची यंत्रं नुसती बॉडी घ्या.

घेताना पॅकवरची बनावटीची तारीख वाचा. लिथियम सेल वापरला नाही तरी वय वाढतंच. तीन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी 'नवी' म्हणून पूर्ण किमतीला घेऊ नका, पण तोच जुना माल वॉरंटीसकट बऱ्यापैकी उतरून मिळत असेल आणि व्होल्टेज व्यवस्थित असेल तर मी घेतो. बिल मात्र हवंच, आणि विक्रेता कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा. नकली मालावर कंपनीचं नावही हुबेहूब छापलेलं असतं.

आणि खाच नीट बघा. एकाच कंपनीच्या दोन मालिका असू शकतात. बॉशच्या निळ्या व्यावसायिक १८ व्होल्टच्या बॅटऱ्या त्यांच्याच हिरव्या, घरगुती मालिकेच्या यंत्रांना बसत नाहीत. याच्या उलटही असतं: मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये कॅस नावाची युती झाली, तिच्यातल्या वेगवेगळ्या कंपन्यांची १८ व्होल्टची यंत्रं एकाच बॅटरीवर चालतात.

पटाशी:

तुम्ही दोघांनी इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बॅटरी काल आली. भाऊ थोडा नाराज होता, म्हणून म्हटलं भांडण नको, मोजूनच बघू.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली: ४१२ ग्रॅम. आमची जुनी २ एएचची ३६४ ग्रॅम भरते. तिथेच भावाचा चेहरा उतरला. तरी त्याचं समाधान व्हावं म्हणून दोन्ही पूर्ण भरल्या (मी शेजारी बसून होते, फरशीवर ठेवून, हात लावून बघत) आणि एकाच फळीवर ५० मिमीचे तेच स्क्रू मारायला घेतले. आमची पाच वर्षांची बरी असलेली बॅटरी ११८ स्क्रूंना थांबली. नवी '९ एएच' ९७ ला थांबली. वर हात लावला तर जुनी कोमट आणि नवी चांगलीच गरम, धरवत नव्हती.

परत पाठवली. पैसे परत आले. विक्रेत्याने मला वजनाबद्दल काही विचारलं नाही, मीच फोटो पाठवले होते काट्यावरचे.

जिगसॉ आम्हाला हवाच होता, उसनवारीवर चाललं होतं. तर खुंटी म्हणतात तसं ५ एएचच्या दोन बॅटऱ्यांचं किट बघतेय. पण त्यात येणारा चार्जर परत तोच हळू आहे. वेगवान चार्जर वेगळा घ्यावा का? जलद भरल्याने बॅटरी लवकर मरते असं ऐकलंय.

उजवा_हात:

चार्जरबद्दल मी सांगतो, कारण इथे मी उलटी चूक केली होती. बॅटऱ्या कमी पडतात म्हणून एकामागे एक चार घेतल्या आणि चार्जर तोच हळू ठेवला. संध्याकाळी चारही रिकाम्या, आणि रात्रभर उठून उठून बदलायच्या.

हिशेब सोपा आहे. एक बॅटरी जेवढ्या वेळात रिकामी करता त्यापेक्षा कमी वेळात चार्जर दुसरी भरत असेल, तर दोन बॅटऱ्यांवर दिवसभर काम चालतं. तिसरी बॅटरी घेण्याआधी वेगवान चार्जरची किंमत बघा, बहुतेक वेळा तो स्वस्त पडतो. माझ्याकडे मकिटाचा डीसी१८आरसी आहे, ३ एएचची बॅटरी साधारण २२ मिनिटांत आणि ५ एएचची ४५ मिनिटांत भरतो. आत पंखा आहे, तो बॅटरीच्या आतून हवा खेळवतो. चार्जिंगला लावल्यावर जो आवाज येतो तो पंख्याचा, घाबरू नका.

बॅटरी मरते ती उष्णतेने. कंपनीचा वेगवान चार्जर पॅकशी बोलून, तापमान बघून करंट ठरवतो, तापलेली असेल तर आधी थंड होऊ देतो. म्हणून चार्जर मात्र कंपनीचाच घ्या, बॅटरीपेक्षाही जास्त आग्रहाने सांगतो. ग्राइंडरवरून काढलेली गरम बॅटरी लगेच चढवू नका. उन्हात बंद गाडीत ठेवू नका. आणि थंडीत शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, चांगला चार्जर तिथेही थांबतो. बरेच दिवस काम नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नाही, अर्ध्यावर ठेवा.

सेल_दुरुस्ती:

ताई, तुम्ही स्क्रू मोजलेत हे फार आवडलं. एवढी प्रामाणिक चाचणी माझ्याकडे येणारे कुणी करत नाहीत.

ॲडॅप्टरचं उत्तर राहिलं होतं. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये बॅटरी फार रिकामी होण्याआधी तोडणारं सर्किट पॅकमध्ये नसून यंत्रात असतं. त्या बॅटरीला ॲडॅप्टर लावून दुसऱ्याच्या यंत्रात बसवलं की थांबवणारं कुणीच उरत नाही, सेल अडीच व्होल्टच्या खाली जातात आणि मग कंपनीचा चार्जर त्या बॅटरीला भरायलाच नकार देतो. दोन-चार स्क्रूंसाठी ठीक, रोजच्या कामाला नको.

आणि ती बसलेली जुनी. बहुधा पाचातला एक सेल गेलाय. एकच सेल बदलून देतो म्हणणारे भेटतील, पण पाच वर्षांच्या चार सेलांत एक नवा घातला की तो जोडीला जुळत नाही, काही महिन्यांत तुम्ही परत त्याच जागी. बदलायचे तर पाचही, एकाच खेपेतले, जास्त करंटचे, आणि स्पॉट वेल्डिंगने. सेलला थेट सोल्डर लावणाऱ्याकडे देऊ नका, त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. २ एएचच्या पॅकला एवढा खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, मी असतो तर सोडून दिली असती. फक्त कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पटाशी:

लावली चिकटपट्टी. किट आणि वेगळा वेगवान चार्जर, दोन्ही मागवलं. आल्यावर आधी वजन, मग स्क्रू. आकडे इथेच टाकते.