दही खा, लावू नका
ताई, बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी (योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडून होणारा त्रास) मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या कोर्सबरोबर योनीत आतून दही लावू का विचारलंत तर नको हो, खा खुशाल (आम्ही इंदूरवाले सराफ्यातला दहीवडासुद्धा औषध म्हणून खाऊ) पण दह्यातले जंतू वेगळे आणि तिथे लागतो तो लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा चांगला जंतू वेगळा. २०२०च्या अमेरिकन ट्रायलमध्ये मेट्रोनिडाझोल जेलनंतर हाच जंतू आतून दिला तर १२ आठवड्यांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस ३० टक्के जणींना परत झालं, जेलनंतर डमी औषध मिळालेल्यांत ४५ टक्के जणींना. म्हणजे फायदा आहे, जादू नाही, आणि मेडिकलवरची कुठलीही प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे हे नव्हे. याच त्रासावर काही जणी आतून वापरतात ते बोरिक अ‍ॅसिड डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच, गिळलं तर विष, प्रेग्नन्सीत तर अजिबात नाही. आणि ते सुगंधी वॉश आधी बंद करा, माझ्या जावेचं निम्मं दुखणं त्यानंच होतं.