खिडकीतली जास्वंद आणि ओट्यावरच्या मुंग्या: खडू-स्प्रे बंद करावा का?

जास्वंदवाली, मुलुंड
पहिला पाऊस पडला आणि मुंग्या घरात शिरल्या. सासूबाईंनी खडू ओढला, नवऱ्याने स्प्रे मारला. चार दिवसांत रांग परत, तीही दोन ठिकाणी. माझं मत स्पष्ट आहे: घरात हे दोन्ही बंद व्हावं. रांगेत दिसतात त्या कामकरी मुंग्या. राण्या आणि अंडी आत भेगेत सुखरूप. भिंतीत राहणाऱ्या त्या बारीक पिवळसर मुंग्यांच्या एका वसाहतीत तर कितीतरी राण्या असतात. स्प्रेने डिवचलं की काही राण्या कामकऱ्यांना घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करतात.

काळ्या मुंग्यांचा माग काढला तर रांग थेट ग्रिलमधल्या जास्वंदीवर. कळ्यांच्या देठाशी कापसासारखा पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषून गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो पितात आणि पिठ्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब. संध्याकाळी फवारायला लागले आहे.

चाळकरी, लालबाग
अजिबात पटलं नाही. आमची एकच खोली, बाळ खाली गादीवर झोपतं. परवा रात्री लाल मुंगी कानामागे चावली, तासभर रडत होतं. अशा वेळी राणी कुठे आहे ते शोधत बसू? मला रांग त्या क्षणी थांबायला हवी. खडूने थांबते.

जास्वंदवाली
बाळ आहे म्हणूनच कळकळीने सांगतेय. त्या खडूत कीटकनाशक असतं. बाळ रांगतं, हात तोंडात घालतं. साबणाच्या पाण्याने फडकं मारा. समोरच्या मुंग्या जातात आणि ज्या वासावरून मागच्या येतात तो मागही पुसला जातो.

कॅरमप्रेमी, दादर
फडक्याने रात्र निभते, वसाहत जात नाही. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक पावडर, त्यात कापसाचा बोळा. मुंग्या ते पोटात घेऊन घरी जातात आणि राणीला, पिल्लांना भरवतात. प्रमाण वाढवलंत तर वाटेतच मरतील, म्हणून अंदाजपंचे नको. आणि आठवडाभर ती रांग पुसू नका. लोक इथेच हरतात, दुसऱ्या दिवशी गर्दी वाढलेली बघून स्प्रे काढतात.

चाळकरी
म्हणजे खडू विष आणि बोरिक औषध? पोराने तो बोळा तोंडात घातला तर?

कॅरमप्रेमी
बोरिकही विषच आहे, बरोबर. झाकणाच्या डबीला बारीक भोक पाडून, बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी.

जुने गिरगावकर
आमच्याकडे कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. गुळाचा डबा परातीत. एक दाणा हलला नाही कधी.

जास्वंदवाली
काका, डब्याचं मान्य. पण मुंबईत पावसाळ्यात साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचा डास. दर आठवड्याला वाट्या घासून पाणी बदलावं लागेल; नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली राहतात.

चाळकरी
फडकं आजपासून मारते. डबी मात्र फळीवर, गादीपासून लांब. खडू अजून फेकलेला नाही. आठवड्याने रांग तशीच दिसली तर पुन्हा काढणार.