भीमगडचं रान: तुम्ही पाहिलेलं, तुम्ही जगलेलं लिहा

धागा सुरू करणारा, बेळगाव

खानापूर तालुक्यातल्या भीमगडला २०११ च्या डिसेंबरात अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे १९० चौरस किलोमीटर रान. एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगाला दांडेलीकडचा काळी व्याघ्र प्रकल्प आणि मधे हे. नकाशावर एवढंसं दिसतं, पण वाघ, बिबट्या, रानकुत्री, गवे यांची सह्याद्रीतली ये-जा याच पट्ट्यातून चालते. २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात आलेला एक नर वाघ २०२० मध्ये काळीच्या कॅमेऱ्यात आला. मधली वाट कुठली असेल, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

धागा आत्ताच काढायचं कारण म्हणजे अभयारण्याच्या आतलं तळेवाडी गाव. कुटुंबामागे १५ लाख रुपये घेऊन रानाबाहेर यायचं, असं ठरलं आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिले धनादेश वाटले गेले. आत राहणाऱ्या बाकीच्या गावांतही आता दुसरं बोलणं नाही. जनावरांची मोजदाद होईल, अहवाल निघतील. पण कुठल्या ओढ्यावर कोण पाण्याला येतं, अस्वल कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाखाली असतं, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस तोवर खानापुरात भाड्याच्या खोलीत असेल. त्याच्याकडून लिहून घ्यायची वेळ आत्ताच आहे.

दोन विनंत्या. स्वतः पाहिलेलंच लिहा, व्हॉट्सॲपवर फिरणारे वाघाचे व्हिडिओ नकोत. आणि खवल्या मांजराचं बीळ, धनेशाची ढोली यांच्या नेमक्या जागा देऊ नका. वाचणारे सगळेच भले नसतात.

उद्यमबाग, मूळ गाव कृष्णापूरच्या बाजूचं

मी आता फाउंड्रीत आहे, पण भीमगडच्या रानातल्या बारापेडेच्या गुहांची वाट अजून डोळे मिटून चालेन. शाळेत असताना वटवाघळांचा अभ्यास करणारी माणसं यायची, वाट दाखवायला वडील जायचे आणि त्यांच्यामागून मी. गावात कुणाला कळत नव्हतं की या पाखराला बघायला माणसं एवढ्या लांबून का येतात.

एकदा त्यांनी जाळीत आलेलं एक वटवाघूळ हातमोज्यात धरून मला जवळून दाखवलं. पाठीवर गडद चॉकलेटी, मखमली लव. मानेच्या मागे मात्र फिकट राखाडी पट्टा. कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना जुळलेले आणि टोपीच्या झापेसारखे तोंडाच्या पुढे आलेले. शेपटी पंखाच्या पडद्याबाहेर सुटी. हृदय इतकं जोरात चाललेलं की हातमोज्यावरून दिसत होतं. मोजमाप झालं, मूठ उघडली आणि ते सरळ वर गेलं. आपली नेहमीची वटवाघळं गिरक्या घेत जातात, हे तीरासारखं.

नंतर वाचल्यावर कळलं की १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफिल्ड थॉमस यांनी या जातीचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचं नाव तिला दिलं. त्यानंतर कित्येक दशकं सगळ्या जगात या वटवाघळाचा ठावठिकाणा म्हणून आमच्या गुहांचंच नाव होतं. पुढे कंबोडियात आणि मेघालयातही ते सापडलं. आपल्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमी उगीच नव्हतो चालत त्यांच्याबरोबर."

जांबोटीच्या अलीकडचा शेतकरी

मीबी लिहितो. आमची शेती रानाला लागून. भात पोटरीला आलं की राखण सुरू. माळ्यावर झोपायचं, डबा बडवायचा, सुतळी बॉम्ब लावायचे. गवे कळपानं येतात. त्यांना कुंपण काय, नुसतं अंग घालून पलीकडं जातात. अंगण्या-परड्यापर्यंत आलेले मी बघलो. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यागत पाय, बाकी सगळा काळा डोंगर. पण गवा खाऊन जातो, हत्ती तुडवून जातो. दांडेलीकडनं हत्ती येतात तेव्हा भात, केळी, ऊस, खळ्यावर रचलेलं सुदीक काय राहत नाही.

शहरातली माणसं म्हणतात जनावरं वाचवा. मीबी म्हणतो वाचवा. लक्ष्मी म्हणून हत्तीच्या पावलाला हळदकुंकू लावणारी आमची बायकामाणसं. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत भात कापून झालेलं असतं, मग तो बघणार काय? भरपाई देताना नुसतं भात धरतात, पिंजर धरत नाहीत. पिंजर गेली तर म्हशी वर्षभर काय खातील?

रातच्याला तारेत करंट सोडणारेबी आहेत. ते मला पटत नाही, तोंडावर सांगतो मी त्यांना. आमच्या शिवारात त्या तारेनं सांबर मेलं आणि सकाळी जनावर सोडायला गेलेलं पोरगं थोडक्यात वाचलं. सोलरचं झटका कुंपण सगळ्यांना मिळालं तर करंट कोण सोडेल? आधी ते द्या.

शिक्षिका, खानापूर तालुका

रानातल्या एका गावात काही वर्षं शाळेवर होते. पावसाळ्यात साकव हीच आमची वाट, आणि तो वाहून गेला की गाव तुटायचं. बाळंतीण असो नाहीतर तापानं फणफणलेलं म्हातारं माणूस, डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत न्यायचं. डोली उचलायला पुरेशी तरणी माणसं गावात उरलेली नसायची, हे मी पाहिलं आहे. "आदिवासींना, धनगरांना, शेतकऱ्यांना जंगलातून का हलवता" असं बेळगावात बसून विचारणाऱ्यांनी एकदा ती डोली उचलावी.

पण मुलांबद्दल लिहायचं आहे. पहिली-दुसरीतली पोरं मला सांगायची, "बाई, वळणावर मोठ्यानं बोला." अस्वल वाळवीच्या वारुळात तोंड खुपसून बसलेलं असलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस अगदी जवळ गेल्यावर दचकतं आणि अंगावर येतं. आमच्या गावातल्या एका माणसाचा अर्धा चेहरा असाच गेला. तरी तो अस्वलाला शिव्या देत नसे. चूक कुणाचीच नव्हती, दोघं एकाच वेळी मधाला गेलो, एवढंच म्हणायचा.

आणि रानकुत्री. ती भुंकत नाहीत, शीळ घालतात. पांगलेली टोळी शीळ घालून एकत्र येते. वर्गात चौथीतला एक मुलगा ती शीळ इतकी हुबेहूब काढायचा की बाहेर बांधलेली गुरं कान टवकारायची. वाघापेक्षा रानकुत्री कमी उरली असतील असं कुणाला वाटत नाही, पण हीसुद्धा जगभरात धोक्यात आलेली जात आहे. गावची कुत्री रानात शिरतात, त्यांचे रोग यांना लागतात. आपल्या कुत्र्यांना लस टोचणं एवढं तरी रानालगतच्या प्रत्येक गावाला जमण्यासारखं आहे.

चोर्ला घाटातून रोज गाडी चालवणारा

थोडक्यात लिहितो. पावसाळ्यात रात्री कणकुंबी ते चोर्ला गाडी हळू चालवा. रस्त्यावर बेडूक येतात, बेडकांमागे साप, सापांमागे उदमांजर. सकाळच्या फेरीला सगळी चेंगरलेली दिसतात. एकदा पहाटे धुक्यात काळा बिबट्या रस्ता ओलांडताना पाहिला. घाई नव्हती त्याला. माझ्या मागच्या गाडीला मात्र होती, हॉर्नवर हॉर्न.

सत्तरी, गोवा (माहेर खानापूर)

२०२० च्या जानेवारीत आमच्या सत्तरीत एक वाघीण आणि तिची पिल्लं मिळून चार वाघ विष घालून मारले गेले. गुरं मारली म्हणून. त्या आठवड्यात बाजारात, बसमध्ये, देवळात सगळीकडे तोच विषय, आणि कुणी मान वर करून बोलत नव्हतं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादईला व्याघ्र प्रकल्प करायला सांगितलं. इथे अजून वाद आहेत, लोकांना घरं जाण्याची भीती आहे. वरच्या शेतकरी दादांनी लिहिलं तेच इथेही: म्हैस मेली त्याच आठवड्यात पैसे हातात आले असते तर विषाची बाटली कुणी काढली नसती, असं मला मनापासून वाटतं.

म्हादई माझ्या माहेराकडून सासरी येते. तिला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर कर्नाटक आणि गोवा ही दोन राज्यं भांडतात. २०१८ मध्ये लवादाचा निवाडाही झाला. कणकुंबीला माऊलीच्या देवळाजवळ खणलेला कालवा पाहून या. हुबळी-धारवाडच्या माणसाला प्यायला पाणी हवं, ते खरंच. पण उन्हाळ्यात ओढे आटले तर गवे आणि सांबरं कुठे जातील, याचा हिशेब त्या भांडणात कुणीच मांडत नाही.

हंगामी वॉचर

उन्हाळ्यात आम्ही जाळरेषा काढतो, वणवा विझवतो, पावसाळ्यात गस्त. वाघाचं लोकांना कौतुक, माझं सगळ्यात आवडतं पाखरू मोठा धनेश. थंडी सरता सरता मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग महिनोन्‌महिने नर तिला भरवतो. लांब बसून बघितलंय मी: नर येऊन बसला, मान मागे टाकली आणि गळ्यातून उंबराचं एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकात धरून फटीत देत राहिला. मोजताना माझी बोटं संपली, त्याची फळं संपली नाहीत.

आता नर मेला तर आत मादी आणि पिल्लू दोघांचं खाणं तुटतं. म्हणून धनेशाला दगड मारणाऱ्या पोराला मी तिथल्या तिथे थांबवतो आणि त्याला ते ढोलीचं झाड लांबून दाखवतो. बहुतेक पोरं परत मारत नाहीत. जुनी, पोकळ, वाळकी झाडं तोडू नका, एवढंच सांगणं. तीच त्यांची घरं.

तळेवाडी

मी सही केलेल्यांपैकी. पोरीच्या शाळेसाठी केली. शिक्षिकाबाईंनी डोलीचं लिहिलंय, माझी आई त्याच डोलीत गेली.

पैसे मिळाले म्हणजे सगळं झालं असं समजू नका. १५ लाखात खानापुरात जागा घेऊन घर बांधून बघा. आमची भाताची खाचरं, फणस, रातांबे, देवाची जागा तिथेच. वर्षातून एकदा देवाला नारळ द्यायला आत सोडणार का, हे आम्ही विचारलं, लेखी मात्र हातात काही नाही. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. आम्ही रानासाठी निघालोय असं सगळे म्हणतात, तर मग आमच्या खाचरात उद्या रिसॉर्ट दिसता कामा नये. तिथे गवत वाढू दे, सांबर चरू दे. तसं झालं तर आम्हाला निघाल्याचं वाईट वाटणार नाही. जनावरं आम्ही कधी परकी मानली नव्हती.

बेळगाव, जाधवनगर

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत बिबट्या आला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत दडला. शाळा बंद, शोधायला सक्रेबैलूच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, तरी हाती लागला नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की रानालगतच्या गावात लोक रोज कसे राहतात.

धागा सुरू करणारा

तळेवाडीच्या दादा, देवाला आत सोडण्याचं आणि रिसॉर्ट होऊ न देण्याचं तुम्ही लिहिलंत, ते लेखी मागायला हवं. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर सांगा, इथले दोन-तीन जण कामाला लागतील. जांबोटीच्या दादांच्या पिंजरीचा मुद्दाही त्याच अर्जात घालू.

बारापेडेच्या गुहेची वाट विचारणारे बरेच निरोप आले. वाट मिळणार नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही, आणि टॉर्च, धूर, आरडाओरडा यांनी कोवळी पिल्लं आयांपासून सुटून खाली पडतात. वटवाघळं बघायची असतील तर संध्याकाळी आपल्या गावच्या वडाखाली उभे राहा आणि मोजा. मोजलेला आकडा, तारीख आणि झाडाची जात इथे लिहा.

हेम्मडगा, देगाव, पास्तोली, आमगाव, गवाळीकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. तिथल्या कुणाला टंकायला जमत नसेल तर फोनवर बोलून पाठवा, मी उतरवून घेतो.